संमतीपत्रातली वारसाची ओळ

औषधचाचणीत भाग घेणाऱ्याकडून भारतात जे संमतीपत्र भरून घेतात, त्यात एक रकाना असतो : नॉमिनीचे नाव, पत्ता आणि नाते. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाई द्यायची म्हणून हा तपशील, असे कारणही तिथेच छापलेले असते. जोडीला व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न. ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’चे, म्हणजे जीसीपीचे, १९९६ चे आंतरराष्ट्रीय नियम इजेच्या भरपाईची माहिती द्यायला सांगतात, वारसाचे नाव लिहून घ्यायला सांगत नाहीत. हा रकाना आपल्याकडे २०१३ साली आला. चाचण्यांतल्या मृत्यूंचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजत होते, तेव्हा. पण हीच ओळ मला एका फार जुन्या कागदात भेटली, आणि तेव्हापासून संमतीपत्राची सगळी वंशावळ मी त्या ओळीपासून उलटी वाचतो.

तो कागद क्यूबातला, नोव्हेंबर १९०० चा. पीतज्वर डासांमुळे पसरतो, हे कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते. पीतज्वराचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकी लष्कराने वॉल्टर रीड यांचा आयोग हवानाला पाठवला आणि आयोगाने पुढे फिनले यांचे म्हणणे पडताळायला घेतले. आयोगातले डॉक्टर जेसी लझिअर सप्टेंबरात पीतज्वरानेच गेले. त्यांच्याच नावाने उभारलेल्या छावणीत पुढचे प्रयोग ठरले. त्यासाठी माणसे हवी होती आणि ती सापडली बंदरावर नुकत्याच उतरलेल्या स्पॅनिश मजुरांत. आयोगातले अग्रामाँते त्यांना आधी रोजंदारीवर आणत, छावणीच्या आवारातले दगडगोटे वेचायला लावत आणि मग प्रयोगाबद्दल विचारत. परदेशी मजुरांना विष टोचतात, अशी ओरड स्थानिक वृत्तपत्रात झाली, तेव्हा आयोगाचे लोक स्पेनच्या कॉन्सलला भेटले. माणूस सज्ञान असेल आणि लेखी कबुली देत असेल, तर त्याची हरकत नव्हती.

म्हणून करार झाला, स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. सही करणारा पंचवीस वर्षांवरचा. जिवाला काही अंशी धोका आहे हे त्याला ठाऊक आहे. पण या बेटावर राहून पीतज्वर चुकवणे अशक्यच, तेव्हा उत्तम शुश्रूषेच्या भरवशावर तो आपणहून धोका पत्करतो. प्रयोग संपल्यावर शंभर डॉलर, अमेरिकी सोन्यात. ताप आला तर बरे झाल्यावर आणखी शंभर. आणि मेला तर दोनशेच्या दोनशे, तो सांगेल त्या व्यक्तीला. छावणीची हद्द ओलांडली तर मात्र पैशावरचा हक्क गेला.

आता यापुढे आजचे जीसीपी ठेवून पाहा. कधीही माघार घेता येईल आणि त्यापायी कसलेही नुकसान होणार नाही, हा नियम म्हणजे हद्दीच्या कलमाला दिलेले थेट उत्तर. मोबदला आमिष ठरता कामा नये, हे सोन्याच्या कलमाला. धोका सौम्य करून सांगू नये, हे ‘काही अंशी’ला. भाषेची अट तेवढी जशीच्या तशी टिकली : कागद सहभागीला कळेल अशा भाषेतच हवा.

संमतीपत्राचा जन्म न्यूरेंबर्गमध्ये झाला, असे बहुतेक पुस्तके सांगतात. नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल ऑगस्ट १९४७ मध्ये लागला आणि त्यातल्या दहा तत्त्वांत पहिले स्वेच्छासंमतीचे होते. ही थोरवी मान्यच आहे, पण तो जन्म नव्हे. जर्मनीतच त्याआधीचा दाखला आहे. ब्रेस्लाऊच्या अल्बर्ट नायसर यांनी उपदंशाच्या रोग्यांचे रक्तजल काही स्त्रियांना त्यांच्या नकळत टोचले. त्यावरून गदारोळ झाला, नायसरना दंड झाला आणि २९ डिसेंबर १९०० रोजी प्रशियाच्या मंत्र्याने हुकूम काढला : दुष्परिणाम नीट समजावून, निःसंदिग्ध संमती घेतल्याशिवाय असे प्रयोग नकोत. हवानाचा करार आणि हा हुकूम एकाच हिवाळ्यातले.

आणखी मागे जाणारे उस्मानी तुर्कस्तानातल्या काझींच्या दफ्तराकडे बोट दाखवतात. अंतर्गळ किंवा मूतखड्याची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी रोगी काझीसमोर लिहून देई : मी मेलो तर शस्त्रवैद्याला जबाबदार धरू नये. ही शाखा खरी आहे आणि ऑपरेशनच्या संमतीपत्रात ती अजून नांदते. पण तो कागद वैद्याला वाचवतो. प्रयोगाचा कागद वेगळ्या कुळातला आहे, असे माझे ठाम मत आहे : तो मजुरीच्या करारातून आला. मुंबईचा दाखला याला बळ देतो. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना. लष्कर मजुराला विचारते आणि परका कॉन्सल मध्ये असतो, तेव्हा करार लिहावा लागतो. कैद्याच्या होकारामागे असा कोणी उभा नव्हता.

हवानाच्या कागदातून आपला रकाना थेट उतरला, असे मी म्हणत नाही. तो विम्याच्या आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या फॉर्मवरून उचलला असावा, हा तर्क साचापुरता मला पटतो. गरज मात्र तीच : पोटासाठी शरीर पुढे करणारा माणूस असला की मागे उरणाऱ्यांचा प्रश्न कागदात शिरतोच. आणि दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. धोक्याचे कलम चाचरते, पैशाचे कलम स्पष्ट बोलते. ‘काही अंशी’ म्हणणारा करार दोन ओळींनंतर मृत्यूचा हिशेब मांडतो. आजच्या संमतीपत्रातही ‘क्वचित’, ‘संभाव्य’ अशी पानेच्या पाने उलटल्यावर मृत्यू सरळ समोर येतो तो नॉमिनीपाशी.

म्हणून चाचणीच्या नीतिमत्तेची परीक्षा तिथे घ्यावी. घाईघाईत फोन नंबरासोबत ही ओळ भरून घेतली, तर आधीचे समजावणे वाया गेले. भारतीय नियमांप्रमाणे नीतिसमितीत एक सामान्य नागरिकही असतो. त्याने फॉर्म हातात घेऊन एवढेच विचारावे : नॉमिनी का लिहायचा, हे सही करणाऱ्याला कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगणार आहे? उत्तर पटले नाही, तर परवानगी रोखण्याचा आग्रह धरण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.