पन्हाळा–विशाळगडाची वाट : दोन पावसाळे

पन्हाळगडाच्या वेढ्याची हकिगत सांगताना आपण बाजीप्रभूंपाशी येऊन थांबतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या रात्रीची एक बाजू बहुधा नजरेआड राहते. ती म्हणजे वाटेची.

सन १६६० च्या पावसाळ्यातही सिद्दी जौहरने वेढा उठविला नाही. अखेर १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेस, शिवाजी महाराज सुमारे सहाशे मावळ्यांनिशी गड उतरले. पौर्णिमा खरी, पण आषाढातील आभाळापुढे चंद्राचा उपयोग तो किती? हेरांनी वाट आधी पाहून ठेवली होती, असे परंपरा सांगते. तिने सांगितले नसते तरी तसेच मानावे लागले असते. म्हसाईचे पठार ज्याने ऐन पावसात पाहिले आहे, त्याला कारण सांगावयास नको. जांभ्याचा उघडा माळ, त्यावर शेवाळ, आणि धुके असे की दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. पठाराने गेल्यास खालच्या कासारीचा पूर व खोऱ्यातील चिखल टळतो. पुढे रानात उतरल्यावर मात्र ओढे आडवे येतात. कोणता ओढा कोठे ओलांडता येईल, पालखी कोठे सावकाश न्यावी, हे चालून पाहिलेल्या माणसालाच ठाऊक असणार. शिवा काशिदांचे बलिदान आणि गजापूरच्या खिंडीतील झुंज यांनी वेळ मिळवून दिला. तो वेळ वाट शोधण्यात वाया गेला नाही, याचे श्रेय ज्या हेरांना, त्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. दुसऱ्या दिवशी महाराज विशाळगडी पोहोचले.

आता याच मुलखातील दुसरा पावसाळा पाहावा. सन १७०२ च्या जूनमध्ये औरंगजेबाने परशुरामपंत प्रतिनिधींना दोन लक्ष रुपये देऊन विशाळगड ताब्यात घेतला आणि तो पन्हाळ्याकडे परतू लागला. येताना घाट फोडून रस्ता केलेला होता. पण तो कोरड्या दिवसांतला. परतताना नाल्यांना पूर, उंट चढेनात, हत्ती चिखलात रुतलेले, धान्य रुपयास शेर. अवघे तीस मैल तोडावयास त्या फौजेला अडतीस दिवस लागले, असा हिशेब जदुनाथ सरकारांनी दिला आहे. सहाशे पायदळ आणि बाजारबुणग्यांसह निघालेली बादशाही छावणी यांची तुलना सरळ होऊ शकत नाही, हे मान्य. तरीही सह्याद्रीत वीस वर्षे दक्षिणेत काढलेल्या बादशहाने मृगानंतर घाटात पाऊल टाकावे, याचे नवल वाटते. आपल्याकडे मोहिमा दसऱ्यास निघत, त्या केवळ मुहूर्तासाठी नव्हेत.

काही वर्षांपूर्वी आम्ही बेळगावची चार मंडळी जुलैत त्या वाटेने गेलो. कणकुंबीचा पाऊस पाहिलेल्यांना पावसाचे काय कौतुक, अशा तोऱ्यात होतो. हवामान खात्याचा अंदाज पाहिला होता, नकाशाही जवळ होता. करपेवाडीत एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, “वरच्या अंगाला रात्री किती झाला, त्याची चौकशी केलीत का?” केली नव्हती. त्यांनी आम्हांला पडवीत बसविले, नातवाला ओढ्यावर धाडले. तो तासाभराने कमरेपर्यंत भिजून आला. आम्ही तो दिवस तेथेच काढला.