‘ओके १’चं कूळ

गिटचा सोर्स कोड उतरवून घ्या, कंपाइल करा आणि ‘मेक टेस्ट’ चालवा. पडद्यावर ओळींची रांग लागते: ‘ओके १’, ‘ओके २’, ‘ओके ३’. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चाचण्यांचा मोठा भाग अशाच ओळी छापतो, लिनक्स कर्नलच्या सेल्फटेस्टसुद्धा. प्रकल्प वेगळे, माणसं वेगळी, पण या ओळींचं मूळ घर एकच: पर्ल ही प्रोग्रॅमिंग भाषा.

लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ रोजी प्रसिद्ध केली. ती जिथे पोहोचणार होती ती यंत्रं त्यांनी कधी पाहिलेली नव्हती, पाहणारही नव्हते. तेव्हा युनिक्स नावाखाली बर्कलीचं वेगळं, सिस्टिम व्हीचं वेगळं असे कितीतरी प्रकार नांदत होते. एकावर सुरळीत चालणारा सी प्रोग्रॅम दुसऱ्यावर कंपाइलही होईल याची खात्री नसे. वॉल या अडचणीशी आधीपासूनच झुंजत होते. १९८४च्या त्यांच्या ‘आरएन’ या प्रोग्रॅमबरोबर ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट जायची आणि समोरच्या यंत्रात काय आहे, काय नाही हे तपासून घ्यायची. १९८५मध्ये त्यांनी ‘पॅच’ लिहिला. त्यामुळे परक्या माणसाने केलेली दुरुस्ती नेमकी हव्या त्या ओळींवर बसवता येऊ लागली. पर्लच्या गाठोड्यात तिसरी गोष्ट आली: ‘टी’ नावाची डिरेक्टरी, आणि तिच्यात चाचण्या. यंत्राची चौकशी, बांधणी, पडताळणी आणि बिघडलं तर दुरुस्ती परत पाठवण्याची सोय, हे सगळं एका माणसाच्या हातून तयार झालं. ओपन सोर्सच्या इतिहासात वॉल यांचं नाव भाषेसाठी घेतात. माझ्या मते या साखळीसाठीही ते तितक्याच आदराने घ्यायला हवं.

चाचणी होती अगदी साधी. पहिल्या ओळीत ती ‘१..४’ छापायची, म्हणजे चार तपासण्या होणार. मग एकेक अट तपासायची आणि जमलं तर ‘ओके’ व क्रमांक, बिनसलं तर ‘नॉट ओके’ व क्रमांक. पण पेच वेगळाच होता. चाचण्या पर्लमध्ये लिहिलेल्या, आणि तपासायचं तेही पर्लच. भाषेची तुलनाच चुकत असेल तर ‘हे बरोबर आहे का’ या प्रश्नाच्या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा? वॉल यांनी चाचण्यांचे थर लावले. सगळ्यात आधी ‘बेस’ गटातल्या, ज्यांत भाषेची दोन-चार मूलभूत अंगंच वापरलेली. त्या पायावर पुढच्या. बेसमधली एक जरी चाचणी नापास झाली तर चाचण्या चालवणारा प्रोग्रॅम तिथेच थांबायचा: मूलभूत चाचणी फसली, पुढे जाता येत नाही. आजही पर्लच्या सोर्समध्ये हा बेस गट आहे.

त्या ‘१..४’मध्येच सगळं शहाणपण भरलं आहे असं मला वाटतं. सहलीची बस निघताना बाई मुलं मोजतात, म्हणूनच परतताना एक कमी असेल तर कळतं. प्रोग्रॅम दुसऱ्या चाचणीनंतर कोसळला तर पडद्यावर दोन ‘ओके’ असतात आणि एकही ‘नॉट ओके’ नसतो. आकडा आधी जाहीर केलेला नसता तर ते यश ठरलं असतं. इथे मात्र शांतता हीच तक्रार ठरते.

१९९४मध्ये पर्ल ५ आलं, १९९५मध्ये मॉड्यूलांचं भांडार सीपॅन उघडलं, आणि ‘टी’ डिरेक्टरीची रीत मॉड्यूलांनीही उचलली. सीपॅनचं साधन मॉड्यूल बसवण्याआधी त्याच्या चाचण्या तुमच्याच यंत्रावर चालवतं. त्या फसल्या तर, तुम्ही जबरदस्ती केल्याशिवाय, ते बसवत नाही. १९९८पासून ‘सीपॅन टेस्टर्स’ हे स्वयंसेवक नव्याने आलेली मॉड्यूलं आपापल्या यंत्रांवर तपासून निकाल कळवू लागले. लेखकाकडे नसलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर त्याचा कोड चालतो की नाही, हे त्याला न मागता कळू लागलं. ‘ओके’च्या ओळी छापण्याच्या या रीतीला ‘टेस्ट एनिथिंग प्रोटोकॉल’, थोडक्यात टॅप, हे नाव नंतर मिळालं.

चाचण्यांचं दुसरं मोठं घराणं केंट बेक यांचं. १९९४मध्ये त्यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठीची आपली चाचणीची पद्धत मांडली, आणि १९९७मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात एरिक गॅमा यांच्यासोबत जावासाठीचं जेयुनिट लिहायला घेतलं. त्या घराण्याने प्रोग्रॅमरला कोडच्या आधी चाचणी लिहायला शिकवलं, हे ऋण मोठं आहे. पण तिथला पहिला श्रोता कोड लिहिणारा स्वतः. पर्लच्या चाचण्या पहिल्या दिवसापासून अनोळखी माणसासाठी होत्या.

म्हणूनच टॅप पर्लच्या बाहेर सहज गेलं. ओळ छापता येते अशा कुठल्याही भाषेला ते जमतं. गिटच्या बहुतेक चाचण्या शेल स्क्रिप्टमध्ये आहेत. त्या पूर्वी ‘ओके’च्या आधी एक तारा छापत, आणि २०१०मध्ये त्यांची ओळ टॅपला जुळवून घेतली गेली. २०१२मध्ये ऑटोमेक या बांधणीच्या साधनाला आणि २०१४च्या ९.४ आवृत्तीपासून पोस्टग्रेसला टॅप कळू लागलं. टॅपमध्ये ‘नॉट ओके’ला ‘टूडू’ अशी खूण जोडता येते: ही चूक आम्हाला माहीत आहे, अजून सुधारलेली नाही. अशी चाचणी नापास झाली तरी एकूण निकाल बिघडत नाही, आणि एखाद्या दिवशी ती अचानक पास झाली तर तेही कळवलं जातं. गिटमध्ये अशा चाचण्यांसाठी वेगळं फंक्शनच आहे.

ओपन सोर्समध्ये पहिलं पाऊल टाकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे की सुरुवात इथून करा. प्रकल्प उतरवा, आधी चाचण्या चालवा, आणि एखादी चूक सापडली तर दुरुस्ती जमेपर्यंत थांबू नका. ती चूक हटकून दाखवणारी छोटी चाचणी लिहा आणि पाठवून द्या.