वेळासची कासवे आणि इतिहासाची नोंद

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास इतिहासाला ठाऊक आहे ते नाना फडणवीसांचे गाव म्हणून. त्याच्या किनाऱ्याला आणखीही एक इतिहास आहे. ऑलिव्ह रिडले कासवाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच असूनही कोकणात त्याची अंडी काढली जात. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने वेळासला संवर्धनाचे काम हाती घेतले; ग्रामस्थ आणि वनखाते त्यात सहभागी झाले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि घरोघरी उतरणाऱ्या पाहुण्यांमुळे गावाला उत्पन्नही मिळू लागले.

या भागीदारीचे मर्म मात्र उत्पन्नापुरते नाही. वाळूतला माग पाहून घरटे ओळखण्याचे ज्ञान गावात आधीपासून होते. हेतू बदलताच तेच ज्ञान रक्षणाच्या कामी आले. अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरायची आणि सुमारे ५० दिवसांनी निघालेली पिल्ले समुद्राकडे सोडायची, असा क्रम बसला. कायद्याच्या लेखी जो गुन्हेगार ठरला असता, त्यालाच जाणकार मानण्यात या प्रयोगाचे शहाणपण आहे.

बखरींत मुत्सद्द्यांची नावे राहिली, रयतेची राहिली नाहीत. संवर्धनाचा इतिहास लिहिताना तरी, पहाटे किनारा पालथा घालणाऱ्यांची नोंद सुटू नये.