ग्रामीण रस्ते : देखभाल व निधी (महाराष्ट्र)

गाव, वाडी-वस्ती आणि तालुक्याची बाजारपेठ यांना जोडणाऱ्या रस्त्यांची निगा, तिची जबाबदारी आणि त्यासाठी मिळणारा पैसा यांची व्यवस्था. महाराष्ट्रात प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. गावातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायत पाहते. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत रस्ते, मोऱ्या व पूल हा विषय पंचायतींच्या यादीत आहे. जबाबदारी खाली आली, पैसा मात्र अजूनही वरून आणि योजनेच्या नावाने येतो. ग्रामीण रस्त्यांच्या दुरवस्थेचे मूळ इथेच आहे.

दुखणे जुने आहे. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने, रस्त्यांचा विकास प्रांतिक सरकारे व स्थानिक संस्था यांच्या कुवतीबाहेर चालला आहे, असे नोंदवून पेट्रोलवर जादा कर बसवण्याची शिफारस केली. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि दहाच वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडणारी, मातीकाम करणारी हजारो माणसे या रस्त्यांवर राबली. दुष्काळी कामे आणि रोजगार हमी (कायदा १९७७) यांनी खेड्यांना कितीतरी रस्ते दिले; पण हाताला काम देणे हा त्यांचा पहिला हेतू असल्याने अनेक रस्ते मातीकामावर किंवा खडीवरच थांबले.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने (२५ डिसेंबर २०००) चित्र बदलले. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागात २५० लोकसंख्येच्या वस्तीपर्यंत बारमाही रस्ता नेण्याचे तिचे उद्दिष्ट होते. सुरुवातीला सगळा खर्च केंद्राचा होता. २०१५-१६ पासून तो केंद्र व राज्य यांच्यात ६०:४० असा विभागला गेला. या योजनेतली मोलाची गोष्ट म्हणजे पाच वर्षांची देखभाल बांधकामाच्या ठेक्यातच धरलेली असते आणि तिचा पैसा राज्याने द्यायचा असतो. राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना (२०१५) याच धर्तीवर आखली गेली. मुदत सरली की निगा राखण्याचे काम जिल्हा परिषदेवर येते आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते.

जिल्हा परिषदेच्या हाती मुख्यतः लेखाशीर्ष ३०५४ चा, म्हणजे बोलीतल्या ‘तीस चोपन्न’चा निधी असतो. तो जिल्हा वार्षिक योजनेतून, जिल्हा नियोजन समितीच्या मंजुरीने येतो. आमदारांनी सुचवलेली गावातली कामे ‘पंचवीस पंधरा’तून (लेखाशीर्ष २५१५) होतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी व स्वच्छतेला बांधलेला होता. ग्रामपंचायतीने रस्त्याला काही द्यायचे तर उरलेल्या अबंधित ४० टक्क्यांतून, आणि तिथे दिवाबत्तीपासून अंगणवाडीपर्यंत सगळ्यांची रांग लागलेली असे.

रस्ता मरतो तो बहुतेक वेळा पाण्याने. साइडपट्टीवर गवत व माती साचून ती डांबरापेक्षा उंच होते, गटार बुजते, मोरीत गाळ भरतो आणि पावसाचे पाणी रस्त्यावरच तुंबते. काळ्या मातीच्या पट्ट्यात भराव फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो, डांबराच्या कडा तुटत आत येतात. त्यात गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्या आणि वाळूचे डंपर. पावसाळ्याआधी फावड्याने साइडपट्टी छाटली आणि मोरी मोकळी केली तरी रस्त्याचे आयुष्य वाढते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्यांवर हे काम मैलकुली करत. आपल्या टप्प्यातला प्रत्येक खड्डा त्यांना ठाऊक असे. ग्रामीण मार्गावर आज असे रोजचे लक्ष ठेवणारे कुणी नाही, आणि ही उणीव निधीच्या टंचाईइतकीच गंभीर आहे.

दुरुस्तीसाठी अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश एवढे टप्पे पार पडेपर्यंत दोन ट्रॉल्या मुरमाचे काम डांबरीकरणाच्या कामाएवढे होऊन बसते. रस्ते विकास योजनेच्या यादीत ज्या रस्त्याला क्रमांकच नाही, त्याला पैसा मिळवणे आणखी कठीण. दर्जोन्नतीच्या प्रस्तावात अडकलेल्या रस्त्याची वेगळीच गत होते : जिल्हा परिषद तो आता आपला धरत नाही आणि बांधकाम विभागाने तो अजून ताब्यात घेतलेला नसतो. २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांवर पुढे काही वर्षे प्रशासक होते. त्या काळात गावकऱ्यांना गाऱ्हाणे घेऊन जायला गटाचा निवडून आलेला सदस्यही नव्हता.

शेतात जाणारे पाणंद व शिवरस्ते हा सर्वांत दुर्लक्षित भाग. २०२१ मधील मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेने रोजगार हमीचा पैसा त्यांच्याकडे वळवला. पण गावनकाशावर दिसणारी पाणंद जागेवर अनेकदा बांध सारून अरुंद झालेली किंवा नांगराखाली गेलेली असते. वहिवाटीतला अडथळा काढण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार तहसीलदाराला आहे. बांधावरून नवी वाट मागायची तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. मोजणी होऊन अतिक्रमण निघेपर्यंत मंजूर निधीतून खडीची एक गाडीही टाकता येत नाही.