कसुती: दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं काम

भरतकामाचा इतिहास म्हटलं की लखनौची चिकनकारी, पंजाबची फुलकारी, बंगालची कांथा, कच्छचं आरशांचं काम यांची नावं आधी येतात. ती येऊ देत. आज आम्ही बोलणार आहोत कसुतीबद्दल, कारण ती आपल्या घरातल्या ट्रंकेत आहे. आजेसासूची काळी किंवा गर्द निळी इरकल असेल, तर तिच्या पदराजवळ एखादं गोपुर, रथ किंवा तुळशीवृंदावन भरलेलं दिसेल. तीच कसुती.

शब्द कन्नड आहे. कै म्हणजे हात आणि सुती म्हणजे सूत, अशी त्याची फोड सांगतात. धारवाड, हुबळी, बेळगाव, विजापूर हा तिचा मुलूख. १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत हे जिल्हे मुंबई राज्यातच होते. त्याआधी आणि त्यानंतरही कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या मुली तिकडे दिल्या जात, तिकडच्या इकडे येत. लुगडी त्यांच्याबरोबर आली. इरकल म्हणजे इलकल गावची साडी. अंग सुती, पदर रेशमी लाल, त्यावर पांढरी नक्षी. चोळीसाठी खण गुळेदगुड्डचा. हे सगळं आपण इतकं आपलं मानलं की सीमा कुठे होती हे कुणी विचारलंच नाही.

पुस्तकांत कसुतीचं नातं चालुक्यांच्या काळाशी जोडतात. कापड मात्र देवळाच्या दगडासारखं टिकत नाही. ते नेसून विरतं, मग त्याची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं होतं. म्हणून बायकांच्या हातच्या कामाचा इतिहास शिलालेखात कमी आणि सवयीत जास्त सापडतो. उत्तर कर्नाटकात लग्नाच्या मुलीला कसुती भरलेली काळी साडी द्यायची रीत होती. तिला चंद्रकाळी म्हणत. आपण संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसतो, तिचीच ही शेजारीण. ही साडी विकायला भरत नसत. आई, मावशी, आत्या मिळून भरत, आणि भरता भरता मुलगी शिकून जाई.

आता काम कसं चालतं ते सांगतो. कसुतीत कापडावर छापा घालत नाहीत. आपण शाळेत भरतकाम शिकलो तेव्हा बटर पेपरला सुईने भोकं पाडून, रॉकेलमध्ये निळ कालवून बोळ्याने फिरवायचो, किंवा कार्बन ठेवून गिरवायचो. कसुतीत यातलं काही नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि मोजूनच टाका घालायचा. नक्षी डोक्यात. ज्या बाईला कधी शाळेत घातलं नाही, ती बाई चार धागे सोड, चार उचल, असं करत अख्खा रथ चाकांसकट उभा करत होती. याला गणित म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

टाके चार. गवंती म्हणजे धावदोरा, पण दुहेरी: जाताना एक टाका वर, एक खाली असं जायचं आणि परत येताना मोकळ्या राहिलेल्या जागा भरत यायचं. गंटू म्हणजे गाठ, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात, आणि गंमत अशी की कसुतीत गाठ मारायचीच नाही. मुरगी हाही तसाच, फक्त पायऱ्या-पायऱ्यांनी नागमोडी जातो. या दोन्हींत कापडाची उलट आणि सुलट बाजू सारखीच दिसते. नेयगी हा विणल्यासारखा दिसणारा, कमी-जास्त लांबीचा धावदोरा. कन्नडमध्ये नेय म्हणजे विणणं. मेंथी म्हणजे आपली मेथी. मेथीदाण्यांसारख्या बारीक फुल्या, म्हणजे आपला फुलीटाका.

खरी कसोटी गवंतीची. मोराचा तुरा, पिसारा, पाय अशा फांद्या फुटतात. प्रत्येक फांदीत जाऊन त्याच वाटेने मूळ रेषेवर परत यावं लागतं, नाहीतर मागे धागा लोंबतो आणि उलटी बाजू बिघडते. आमच्या गटातल्या बाया याला बाजाराला जाण्यासारखं म्हणतात: जाताना कुठे कुठे थांबायचं हे घरून निघतानाच ठरवायचं. हाच टाका युरोपातही होता. तिकडे त्याला होल्बाइन टाका म्हणतात, सोळाव्या शतकातल्या हान्स होल्बाइन या चित्रकाराच्या नावावरून. त्याने राजाराण्यांची चित्रं काढली, त्यांच्या बाह्यांवर तसं भरतकाम दिसतं. टाका घालणारीचं नाव मात्र तिथेही टाक्याला मिळालं नाही.

नक्षी निवडताना जुन्या बायांची एक रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. पदराजवळ मोठी गोपुरं, रथ, हत्ती, पालखी. अंगाकडे जाताना नक्षी लहान होत जाते आणि विरळ होते, शेवटी नुसते ठिपके-चांदण्या. साडी नेसल्यावर काय दिसणार आणि काय निऱ्यांत जाणार, याचा हा हिशोब. आपण हौसेने सगळीकडे सारखं भरत सुटतो आणि निम्म्यात कंटाळून कापड कपाटात टाकतो. पहिल्यांदा करत असाल तर साडीला हात घालू नका. मॅटीचा रुमाल घ्या, त्याचे धागे मोजता येतात. चौकटीच्या वहीत नक्षी उतरवा आणि मुरगीची एक वेल करा. रंग जुन्या कामात मोजकेच: लाल, नारिंगी, जांभळा, हिरवा, आणि गडद कापडावर पांढरा. आमच्या मते ते पुरेसे आहेत.

रेशमी किंवा घट्ट विणीच्या कापडावर धागे दिसत नाहीत. तिथे वरून जाळीचं कापड टाचून घेतात, त्याच्या भोकांवर मोजून भरतात आणि काम झालं की जाळीचा एकेक धागा ओढून काढतात. हे ओढणं ओलसर हाताने, सावकाश. घाई केली तर भरलेला टाका सैल होतो.

हे काम घरातून बाजारात आलं, आणि इथून पुढची गोष्ट आपल्या गटांची आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ निघालं, कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्ष होत्या. अशा हातकामाला गिऱ्हाईक मिळावं, ते करणारीला मोबदला मिळावा यासाठी त्यांनी आयुष्य घातलं. कसुतीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. नावाला संरक्षण मिळालं, हे चांगलंच झालं. पण बाई घरी बसून भरते, मधे दलाल असतो आणि पैसे नगावर मिळतात. एका नगाला किती वेळ गेला हे कुणी विचारत नाही, कारण ते फावल्या वेळातलं काम. आता आपल्याला फावला वेळ म्हणजे कुठला? भाकरी झाल्यावरचा, जनावरांचं झाल्यावरचा, पोरं निजल्यावरचा. तो झोपेतून काढलेला असतो.

आमच्याकडे एक व्यापारी ऑर्डर घेऊन आला तेव्हा त्याने मशीनवर भरलेल्या तुकड्याचा भाव सांगितला आणि तोच आम्ही घ्यावा म्हणाला. गटातल्या एका आजींनी त्याच्या हातातला तुकडा उलटा केला. मागे बकरम चिकटवलेलं, पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं. मग त्यांनी स्वतःच्या इरकलीचा पदर उलटा करून त्याच्यापुढे धरला. व्यापाऱ्याने भाव थोडा वाढवला, पण हातकामाला परवडेल इतका नाही. आम्ही ती ऑर्डर घेतली नाही. घरात पैशाची गरज असताना ऑर्डर सोडणं सोपं नव्हतं, आणि दोघीतिघी आजही म्हणतात की घ्यायला हवी होती. त्यांचंही चूक नाही. तेव्हापासून मात्र प्रत्येक नगासोबत आम्ही एक चिठ्ठी ठेवतो: कुणी भरलं, किती संध्याकाळी लागल्या. भाव सांगताना ती चिठ्ठी पुढे करतो.

विकायचं नसेल, नुसती हौस असेल, तरी शेवट नीट करा. दोरा संपताना गाठ नको. टोक त्याच रंगाच्या टाक्यांखालून तीन-चार वेळा फिरवून कापा. दोऱ्याचा रंग जातो का ते आधी पांढऱ्या ओल्या फडक्यावर बघा. धुताना पिळू नका, सावलीत वाळवा. इस्त्री करताना खाली जाड टॉवेल घाला आणि भरलेली बाजू पालथी ठेवा, म्हणजे टाके दबत नाहीत.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे जुन्या इरकली असतील त्यांनी त्या आणाव्यात, फाटलेल्या असल्या तरी चालतील. त्यावरच्या नक्षी आम्ही चौकटीच्या वहीत उतरवून घेणार आहोत, आणि ज्यांनी भरल्या त्यांची नावं आठवत असतील तर तीही खाली लिहू.