न्यू सालेमचा दुकानदार, इलिनॉयचा आमदार

अब्राहम लिंकन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राष्ट्राध्यक्ष उभा राहतो. आज आपण त्याच्या बरंच मागे जाऊ या, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, न्यू सालेम नावाच्या खेड्यातल्या एका दुकानात.

१८३२ साल. तेवीस वर्षांच्या लिंकनने विल्यम बेरीबरोबर भागीत दुकान घेतलं. रोख रक्कम नव्हतीच. सारा व्यवहार वचनचिठ्ठ्यांवर. गाव वाढेना, गिऱ्हाईक येईना. बेरीला दारू प्रिय, लिंकनला पुस्तकं! दुकान बुडालं. पुढे बेरी वारला आणि त्याच्या वाट्याचं देणंही लिंकनने अंगावर घेतलं. एकूण सुमारे ११०० डॉलर. या बोज्याला तो चेष्टेनं 'राष्ट्रीय कर्ज' म्हणे.

पण गल्ल्यात जमलं नाही ते ओळखीत जमलं होतं. त्याच १८३२ मध्ये तो विधानसभेला उभा राहून पडला. तरी न्यू सालेमच्या मतदान केंद्रावरच्या ३०० पैकी २७७ मतं त्याची. पुढे पोस्टमास्तर आणि जमीन मोजणीदार म्हणून तो घरोघर पोचला आणि १८३४ मध्ये निवडून आला. राजधानीला जायला धड कपडे नव्हते, म्हणून कोल्मन स्मूट या शेजाऱ्याकडून २०० डॉलर उसने घेतले. आमदार झाल्यावरही जप्ती टळली नाही. मोजणीची अवजारं लिलावात निघाली. जेम्स शॉर्ट या मित्राने ती विकत घेऊन त्याला परत दिली.

आता गंमत बघा. स्वतःचं देणं पै न पै फेडणारा हा माणूस राज्याच्या पैशाबाबत मात्र भलताच धाडसी निघाला. १८३७ मध्ये रेल्वे, कालवे आणि रस्त्यांसाठी सुमारे एक कोटी डॉलरची योजना मंजूर झाली, आणि लिंकन तिचा खंदा पुरस्कर्ता. (त्याच अधिवेशनात गुलामगिरीच्या अन्यायाविरुद्ध लेखी निषेध नोंदवणारे दोनच सदस्य, त्यातला एक हा; त्यावर वेगळं बोलावं लागेल.) त्याच वर्षी आर्थिक मंदी आली. तरीही त्याने योजना सोडली नाही. आमच्या मते हा लबाडीचा भाग नव्हता. चिखलात अडकलेला माल आणि उठाव नसलेलं गाव त्याने दुकानात बसून पाहिलं होतं. रस्ता आला की बाजार येईल, ही त्याची खरीखुरी श्रद्धा होती. उधारीवर उभं केलेलं काय होतं, हेही त्यानेच पाहिलं होतं, पण तो धडा त्याने फक्त स्वतःपुरता घेतला.

लिंकनचं देणं फिटायला पंधराएक वर्षं लागली. राज्याने तर १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला व्याज देणंच थांबवलं. योजनेतला मेरेडोसिया ते स्प्रिंगफील्ड हा एकच रेल्वेमार्ग काय तो पुरा झाला, आणि १८४७ मध्ये तो अवघ्या २१,१०० डॉलरला लिलावात गेला.