पोवळे : दगड, फूल की जीव?

सुरत शहरात गोडादरा नावाची वस्ती आहे. कापडाच्या धंद्यापायी खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांनी गोडादरा, डिंडोली, लिंबायत हा सारा भाग गजबजलेला आहे. अशा एखाद्या घरात डोकावून पाहावे, तर पोवळ्याची ओळख दोन प्रकारांनी झालेली आढळते. वडीलधाऱ्यांच्या बोटात मंगळाचा खडा म्हणून लाल पोवळे असते. आणि घरातील तरुण मुलाने मोबाईलच्या पडद्यावर परदेशातील कोणा गृहस्थाच्या दिवाणखान्यातली काचेची पेटी पाहिलेली असते. त्या पेटीत हिरवी, जांभळी, केशरी पोवळी जिवंत असतात आणि पाण्याच्या लाटेबरोबर डुलत असतात. मुलगा विचारतो, ‘आपल्या घरी अशी पेटी का असू नये?’ प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर द्यावयाचे तर दोन हजार वर्षे मागे जावे लागते.

कारण आपल्या ह्या किनाऱ्यावर पोवळे आले ते मेलेलेच आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने लिहिलेले सागरप्रवासाचे वर्णन उपलब्ध आहे. त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालामध्ये पोवळ्याची नोंद आहे. रोमन लेखक प्लिनी ह्याने तर असे नमूद केले आहे, की रोमन स्त्रियांना मोत्यांचे जेवढे मोल, तेवढेच हिंदी लोकांना पोवळ्याचे. पुढे १६१३ साली सुरतेस इंग्रजांच्या कंपनीची वखार स्थिरावली. विलायती लोकरी कापडाला येथे गिऱ्हाईक बेताचेच होते; परंतु भूमध्य समुद्रातील पोवळ्याला मात्र मागणी होती. अठराव्या शतकात इटलीतील लिव्हॉर्नो येथील यहुदी व्यापारी पोवळी पाठवीत आणि गोव्यातील कामत घराण्याचे सारस्वत व्यापारी त्यांच्या मोबदल्यात हिरे धाडीत. एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या, धर्म आणि भाषा निराळी असलेल्या माणसांचा हा व्यवहार केवळ पत्रांवर आणि विश्वासावर चालला होता.

मौज अशी, की ज्या वस्तूसाठी हिरे मोजले जात होते, ती वस्तू म्हणजे नेमके काय, हे घेणाऱ्यास ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यासही नव्हते. पोवळे ही पाण्यात मऊ असणारी वनस्पती असून वारा लागताच ती दगड होते, अशी प्राचीनांची समजूत होती. १७०६ साली मार्सिली ह्या इटालियन सरदाराने पोवळ्याची ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेविली, तो तिच्यावर पांढरी ‘फुले’ उमललेली त्यास दिसली. वनस्पतीचा मुद्दा सिद्ध झाला असे सर्वांस वाटले. परंतु मार्सेयचा वैद्य पेसोनेल ह्याने तीच फुले न्याहाळली आणि स्पर्श होताच ती अंग आकसून घेतात हे पाहून ही फुले नसून बारीक प्राणी आहेत, असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष इतका विचित्र वाटला, की १७२७ साली रेओम्यूर ह्या विद्वानाने तो पॅरिसच्या विज्ञानसभेपुढे मांडताना पेसोनेलचे नावच घेतले नाही. त्याचे हसे होऊ नये, एवढाच हेतू! सत्य मान्य होण्यास आणखी पंधरा-वीस वर्षे जावी लागली.

प्राणी आहे म्हटल्यावर तो जगविता येईल काय, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर कोणा विद्यापीठात मिळाले नाही. ते एका गृहिणीने दिले. १८४६ च्या शरद ऋतूत लंडनच्या अ‍ॅना थिन ह्या बाई टॉर्की येथील समुद्रकाठी गेल्या असता त्यांना खडकावर बारीक प्याल्यासारखी पाषाणी पोवळी आढळली. त्यांनी ती बरणीत घालून लंडनला आणिली. सुईदोऱ्याने एका स्पंजाला टाचून ती पाण्यात सोडली. समुद्र दूर असल्याने रोज नवे पाणी मिळणे अशक्य; म्हणून त्यांची दासी उघड्या खिडकीशी बसून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात असे अर्धा-पाऊण तास ओतीत असे. हेतू हा, की पाण्यात हवा मिसळावी. पुढल्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्रशैवल सोडले आणि पोवळी तीन वर्षे जगविली. आजच्या पेटीतील विजेचा पंप जे काम करतो, ते त्या अनाम दासीच्या दोन हातांनी प्रथम केले, हे विसरता कामा नये.

तथापि थिनबाईंची पोवळी थंड समुद्रातील होती. उष्ण समुद्रातील भित्ती बांधणाऱ्या रंगीत पोवळ्यांचे रहस्य ह्याहून खोल आहे. त्यांच्या देहात सूक्ष्म शैवल वस्तीस असते. १९२८-२९ साली यंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवर वर्षभर संशोधन झाले. १९५८ साली पोवळ्याच्या भावकीतील समुद्रफुलावर किरणोत्सर्गी कार्बन वापरून केलेल्या प्रयोगात असे दिसून आले, की शैवलाने सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न यजमानाच्या देहात जाते. पोवळ्याच्या रंगांत ह्या शैवलाचा मोठा वाटा असतो. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी आठवडेच्या आठवडे तापून राहिले, की हे भाडेकरू घर सोडून जातात. पोवळे पांढरे पडते आणि बहुधा उपाशी मरते. १९९८ साली जगातील अनेक समुद्रांत हेच घडले.

आता पेटीकडे वळू. १९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग ह्या गृहस्थाने समुद्रातील सजीव खडक, पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्या भांडवलावर पोवळी घरी जगविण्याची आपली रीत जगापुढे ठेविली. पुढे प्रखर दिवे आले, यंत्रे आली आणि हौस युरोप-अमेरिकेत पसरली. युफिलिया, कॉलॅस्ट्रिया, मॉन्टिपोरा ही पाषाणी पोवळी त्यातल्या त्यात चिवट म्हणून नवशिके पाळू लागले. परंतु चिवटालाही लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, चोवीस ते सत्तावीस अंश उष्णता आणि सांगाडा बांधण्यासाठी लिटरमागे चारशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम लागते. सुरतेचा वैशाख मनात आणा, म्हणजे ह्या अटी पुऱ्या करणे किती कठीण, ते ध्यानी येईल. दुपारी वीज गेली, की पेटीतील पाणी तापते, हवा थांबते आणि वर्षांचा संसार एका दिवसात बुडतो.

हौस वाढली तशी भित्तींची लूटही वाढली. म्हणून १९९० पासून सर्व पाषाणी पोवळ्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आला. आपल्या देशाने त्याहून कडक पाऊल उचलले. २००१ साली सर्व पाषाणी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. ती समुद्रातून काढणे वा विकणे हा गुन्हा आहे. तेव्हा गोडादऱ्यातील त्या मुलाने दुकानात कोणी ‘चालते हो’ म्हणून हाती दिलेले पोवळे घेऊ नये, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

मग त्याने काय करावे? उत्तर फार दूर नाही. खानदेशातून वाहत येणारी आपली तापी सुरतेपाशी समुद्राला गाळ देते. गढूळ पाण्यात भित्ती वाढत नाही, म्हणून सुरतेच्या किनाऱ्यावर ती नाही. पण त्याच गुजरातेत कच्छच्या आखातात १९८० साली सागरी अभयारण्य आणि १९८२ साली देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. तेथील पोवळी गाळ सोसतात, उन्हाळा-हिवाळा सोसतात, ओहोटीत उघडी पडूनही तग धरतात. खरी चिवट पोवळी ती हीच. जामनगरजवळ नरारा येथे ओहोटीच्या वेळी वाटाड्यासह चालत जाऊन ती पाहता येतात. महाराष्ट्रातही मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली पोवळी आहेत. मात्र पाय जपून टाकावयाचा. बुटाखाली चिरडलेला वितभर गोळा वाढण्यास कित्येक वर्षे लागलेली असतात.

श्रोतेहो, दोन हजार वर्षे आपण पोवळे विकत घेतले ते दगड म्हणून. तो जीव आहे, हे एका वैद्याच्या नजरेने आणि एका दासीच्या हातांनी आपणांस शिकविले. काचेच्या पेटीचे ऋण एवढे, की तिच्यामुळे हे ज्ञान घरोघर पोहोचले. आणि तिचा दोष हा, की ज्ञानाबरोबर हावही पोहोचली. मुलाची जिज्ञासा मोडू नये. त्याला भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावयास शिकवावे आणि एका सुट्टीत नराऱ्याला न्यावे. गुडघाभर पाण्यात वाकून जिवंत पोवळे एकदा पाहिले, म्हणजे ते खिशात घालून घरी आणावे असे त्याला वाटणार नाही.